शिरगावच्या किल्ल्याखालचा डोंगर

सुट्टीच्या दिवशी किल्ला बघायला जायचं, हा आमच्या घरचा नियम माझ्या वडिलांनी केलेला. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. चाळीतली बाकीची पुरुषमंडळी कारखान्याच्या सुट्टीला उशिरापर्यंत झोपायची, केस कापून यायची, नाहीतर बाजाराची पिशवी घेऊन बोईसरला जायची. अण्णा मात्र सकाळीच अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहायचे आणि आत न बघता विचारायचे, "भाकरी बांधल्या का?" आईने त्या बांधलेल्याच असायच्या. ज्वारीच्या भाकरी, घट्ट पिठलं, लाल मिरचीचा ठेचा आणि एक कांदा. कांदा फोडायचा तो किल्ल्यातल्याच दगडावर, असाही एक नियम होता. तो कुणी केला ते मला माहीत नाही.

आम्ही सरावलीत राहायचो. बैठी चाळ, पत्र्याचं छप्पर, पुढे एक खोली आणि मागे स्वयंपाकघर. चाळीच्या तीन रांगा होत्या आणि आमची मधली. घड्याळ घरात होतं, पण आईचा स्वयंपाक भोंग्यांवर चालायचा. प्रत्येक कारखान्याचा भोंगा वेगळा. एक जाड आवाजाचा, एक मध्येच चिरकणारा, एक लांबून येणारा आणि संपला असं वाटल्यावर पुन्हा थोडा वाजणारा. जाड भोंगा झाला की आई तवा चढवायची, चिरका झाला की डबा भरायची. वासाचंही तसंच होतं. वारा पश्चिमेकडून असला की खारट हवा आणि वाळत घातलेल्या मासळीचा वास यायचा. वारा फिरला की कारखान्यांचा, डोळ्यांना झोंबणारा. आज मी बोईसरला तिसऱ्या मजल्यावर राहते आणि मुलं खिडक्या लावून घेतात, पण वाऱ्याची दिशा मला अजून नाकानेच कळते.

अण्णा साताऱ्याकडचे. त्यांचं गाव गडाच्या पायथ्याशी. घराचं दार उघडलं की समोर गड, असं ते सांगायचे, आणि ते खरं होतं, मी बघितलेलं आहे. सरावलीच्या खोलीचं दार उघडलं की समोर कारखान्याची भिंत दिसायची. नोकरीसाठी त्यांनी गाव सोडलं, पण दारासमोर काहीतरी जुनं आणि उंच असावं ही सवय काही सुटली नाही. म्हणून हे सुट्टीचे किल्ले. तारापूरचा किल्ला झाला. त्याच्या आत चिकूची वाडी आहे, तिथे राखणदाराने आम्हाला ओंजळभर चिकू दिले होते. माहीमचा झाला, केळव्याचा झाला. शिरगावचा तर तीन वेळा, कारण तो मला आवडायचा. पालघरजवळचा काळदुर्ग तेवढा अण्णांच्या पसंतीला उतरला. तो डोंगरावर आहे आणि चढताना आईला दोनदा बसावं लागलं, यावर ते खूश होते. समुद्राकाठच्या किल्ल्यांबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. तटावरून हात फिरवायचे, चुन्याचं काम बघायचे, दगडांचं कौतुक करायचे आणि निघताना म्हणायचे, "वाडा चांगला हाय."

मी सातवीत असताना गणपतीला तात्या आले. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. आजोबा लवकर गेले, तेव्हा तात्यांनीच अण्णांना वाढवलं आणि शिकवलं. त्यामुळे अण्णा त्यांच्यासमोर खुर्चीत बसायचे नाहीत आणि त्यांचं बोलणं मोडायचे नाहीत. यात भीती नव्हती. घरात चप्पल घालून येत नाहीत, तसंच होतं ते.

तात्या आले त्या दिवशी दारावर जमनामावशी आली होती. ही आमची मासळीवाली. नवापूरला दिलेली, पण माहेर शिरगावचं. आम्ही मासे क्वचितच घ्यायचो, आईला ते नीट करता यायचे नाहीत. पण मावशी आमच्या पायरीवर पाटी उतरवून पाणी प्यायची, आणि सगळ्या रांगेचा भाव माझ्याशीच घासाघीस करून ठरायचा, कारण मला हिशेब पटकन यायचा. मी तिच्याशी तिच्याच बोलीत बोलायचे. त्यात काही विशेष आहे असं मला वाटायचं नाही. तात्या आत चहा पीत होते आणि मी बाहेर म्हणत होते, "नाय गो मावशी, एवढ्याला नाय परवडत. आमी काय शेट हाव का?"

मावशी गेल्यावर तात्यांनी कप खाली ठेवला. पोरीचं वय काय, इयत्ता कितवी, वर्गात सगळी मुलं कुठली, असं बरंच विचारलं. मग अण्णांकडे बघून शांतपणे म्हणाले, "ही सुमी ना घाटाची राहिली, ना हितली झाली. दिवाळीनंतर साताऱ्याला पाठव. तिच्या काकूजवळ राहील, बोलणं सुधारंल. शाळेत मी शब्द टाकतो."

आई आत भाकरी थापत होती. ती जरा जोरात थापू लागली, एवढंच. माझा धाकटा भाऊ तेव्हा पाळण्यात होता. म्हणजे जायचं ते मी एकटीने. मला जायचं नव्हतं. माझी शाळा इथे होती, मैत्रिणी इथे होत्या, आणि साताऱ्याची काकू वाईट नव्हती पण ती कुणाची होती तर तिच्या मुलांची होती. मी हे कुणाला सांगितलं नाही आणि कुणी मला विचारलं नाही. त्या घरात तात्यांनी सांगितलं म्हणजे ठरलं. पुढे नवरात्रात आईने माझे दोन फ्रॉक खाली सोडून लांब केले, तेव्हा ते खरंच ठरलंय हे मला कळलं.

दिवाळीत आमच्या चाळीत मातीचे किल्ले करायचे. ही प्रथा घाटावरच्या लोकांनी सोबत आणलेली. शेजारची उत्तरेकडची मंडळी पहिल्या वर्षी बघून चक्रावली होती, दिवाळीत दारासमोर चिखल कशाला कालवतात म्हणून. मग त्यांचीच मुलं सगळ्यात आधी माती आणायला लागली. तीन रांगांचे तीन किल्ले, आणि भाऊबीजेला चाळीचे मालक येऊन नंबर काढायचे. आमच्या मधल्या रांगेचा किल्ला दरवर्षी आमच्या दारात व्हायचा, कारण अण्णांचा हात. त्यांचा प्रतापगड असा असायचा की त्यावर पेरलेली मोहरी उगवली की खरी झाडी वाटायची.

त्या वर्षी मी म्हटलं, शिरगावचा करू. आता लिहिताना असं म्हणता येईल की त्यात माझा काही डाव होता, आपण इथले आहोत हे मला अण्णांना दाखवायचं होतं. तसं लिहिलं तर शोभून दिसेल, पण ते खरं नाही. अण्णा गणपतीपासून गप्प गप्प होते, किल्ल्याचं नाव काढत नव्हते, आणि मला एकटीला जमेल असा किल्ला हवा होता. शिरगावचा सपाट होता, चार भिंती आणि बुरूज. मला तो सोपा वाटला.

सोपा नव्हता. मी पडले मापाची माणूस. कपडे वाळत घालायच्या दोरीला हाताहाताच्या अंतरावर गाठी मारून मी शेवटच्या खेपेला तटाची लांबी मोजून आणली होती, आणि तटातला एक हात म्हणजे माझं एक बोट असं प्रमाण धरलं होतं. भिंती त्या प्रमाणात बसल्या. बुरूज नाही बसले, कारण ते मी वनस्पती तुपाच्या डब्यात माती दाबून पाडले होते आणि डबा एकाच मापाचा होता. किल्ल्यात एक ताड आहे, त्याला फांद्या फुटलेल्या आहेत. तशी झाडं फार कमी असतात म्हणे. त्यासाठी मी शेवग्याची काडी आणली. रांगेतली मुलं येऊन बघायची आणि म्हणायची, याच्यापेक्षा खोकं ठेवलं असतं तरी चाललं असतं. मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही, पण खोक्यासारखं दिसत होतं हे खरं.

दिवाळीला आठवडा असेल. मी आईबरोबर चकलीची भाजणी दळायला गिरणीत गेले होते. गिरणीत रांग होती. परत आलो तर दारात डोंगर उभा. अण्णा पहिल्या पाळीवरून आले, त्यांनी तो जमिनीला चिकटलेला किल्ला बघितला आणि त्यांना राहवलं नाही. त्यांनी विटा रचल्या, त्यावर गोणपाट टाकलं, लाल मातीचा गिलावा केला, आणि माझे तट-बुरूज एकेक करून वर नेऊन बसवले. डोंगराला वळणाची वाट होती, गुहा होती, गुहेत वाघ होता. अण्णांच्या कोपरापर्यंत माती होती आणि गणपतीनंतर पहिल्यांदाच ते हसत होते. "आता कसा किल्ला दिसतोय," ते म्हणाले. मी होय म्हटलं. दुसरं काय म्हणणार? एवढं सुंदर काम होतं ते. पण मनात मी प्रमाण लावलं, आणि त्या हिशेबाने शिरगावचा किल्ला पालघर स्टेशनवरून सहज दिसला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमनामावशी आली. पाटी उतरवायच्या आधीच ती थांबली.

"यो कंचा किल्ला?"

"शिरगावचा," मी म्हटलं.

"माज्या माहेरचा?" तिने पाटी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि किल्ल्याभोवती एक फेरी मारली. "मंग त्याला डोंगरावर कोनी चरवला? परवा तर खालीच व्हता."

अण्णा दुसऱ्या पाळीला होते त्या दिवशी, घरीच होते. ते दारात आले आणि म्हणाले, "किल्ला म्हणल्यावर डोंगर पाहिजेच."

"आमच्या शिरगावात डोंगर नाय, दादा."

"म्हणून तर तसा तो राहून गेलाय. दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली की आत. त्याला काय किल्ला म्हणायचं?"

मावशी हसायला लागली. तिचं हसणं तिन्ही रांगांत ऐकू जायचं. "तुमी बगला कंचे बाजूनं? रस्त्याच्या ना? रस्त्यानं तर आमी बाया पाट्या घेऊन जातो. दुस्मान काय एसटीनं येल?"

लोक गोळा झाले होते, ते हसले. अण्णांचे कान लाल झाले. शेजारचे दुबेकाकासुद्धा हसत होते. ते रंगाच्या कारखान्यात होते, त्यांचे तळवे बारा महिने निळे असायचे. मावशीने अण्णांचे कान बघितले असावेत, कारण ती जरा नरमली. म्हणाली, परवा मी माहेरी जाणार आहे, फराळ पोचवायला. तुमची सुट्टी परवाच असते. सगळे या. माझ्या भावाची होडी आहे, दर्यावरून बघा आणि मग काय तो डोंगर ठेवा. आणि मग पाटी डोक्यावर घेताघेता तिने असं काही सांगितलं की जाणं भागच पडलं. "पन भ्याव वाटत असंल तर नका येव."

गेलो. बोईसरहून गाडीने पालघर, तिथून एसटीने शिरगाव. मावशीच्या भावाचं घर किल्ल्यापासून हाकेवर. अंगणात बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत घातले होते, जोडीजोडीने, तोंडात तोंड अडकवून. त्याला वलांडी म्हणतात. आईने आमच्या दोरीवरच्या कपड्यांचा विषय काढला आणि दोन मिनिटांत तिची आणि मावशीच्या भावजयीची गट्टी झाली. जेवायला ओल्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाच्या भाकरी. भाकरी इतकी पांढरी आणि मऊ की अण्णांनी ती आधी उलटीसुलटी करून बघितली. बोंबील बघून त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी आमच्या पिठल्याचा डबा उघडला आणि आग्रहाने ते सगळ्यांना वाढलं. मावशीच्या भावाने, काशिनाथमामाने, ते दोनदा मागून घेतलं. मग अण्णांना कालवण खाणं भाग झालं. त्यांनी एक घास खाल्ला, थांबले, आणि दुसऱ्या भाकरीसाठी ताट पुढे केलं. आई माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसली. त्यानंतर आमच्या घरी आठवड्यातून दोनदा मासळी होऊ लागली आणि आईला ती चांगली जमूही लागली. पण तो वेगळा विषय आहे.

भरती आली तसं मामा उठला. आई धाकट्याला घेऊन काठावरच थांबली. होडीत मामा, मावशी, मी आणि अण्णा. काळदुर्ग रबरी चपलेवर चढलेला माणूस तो, पण होडीत पाय टाकल्यावर बसकणच मारली त्यांनी, आणि दोन्ही हातांनी काठ धरला. मामाने वल्हं मारता मारता सांगितलं, "पावनं, एवडी घट धरू नका. होडी कुटं पलून नाय जात." अण्णा हसले नाहीत. मी मजेत होते, पण त्यांच्याकडे बघून मीही काठ धरला, त्यांना एकटं वाटू नये म्हणून.

बरंच आत गेल्यावर मामाने होडी फिरवली आणि म्हणाला, बघा. आम्ही पाण्याच्या पातळीवर बसलो होतो. माझी हनुवटी लाटेपेक्षा फार वर नव्हती. समोर किनाऱ्याची वाळू दिसेनाशी झाली होती, गाव झाडांत गेलं होतं, आणि राहिला होता तो किल्ला. तोच तट, तेच बुरूज, मी दोरीने मोजलेले. पण आता ते पाण्यातून सरळ वर उठत होते. लाट आली की होडी खाली जायची आणि तट आणखी वर जायचा. बुरजावर एक मुलगा बसला होता, बहुधा पतंग उडवायला आलेला, आणि तो आम्हाला चांगला निरखून बघत होता. आमचं सगळं त्याला दिसत होतं, अण्णांनी धरलेल्या काठासकट, आणि लपायला आम्हाला काही म्हणजे काही नव्हतं.

अण्णांनी एक हात सोडला. डोळ्यांवर आडवा धरला. मावशी काहीतरी बोलणार होती, मामाने तिला मानेने थांबवलं. अण्णांनी किती वेळ बघितलं ते मी मोजलं नाही. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, तोफा कुठे ठेवत असतील. मामाने बोट दाखवलं. अण्णांनी मान डोलावली आणि होडी किनाऱ्याला लागेपर्यंत दुसरा हातही परत काठाला लावला नाही.

आज तिथे शनिवार-रविवारी तरुण मुलामुलींची गर्दी असते. लग्नाआधीचे फोटो काढायला येतात. नवरीचा घेर तटावरून खाली सोडतात आणि फोटोवाला खाली वाळूत आडवा पडून कॅमेरा वर धरतो. आमच्या ह्यांना त्याचं हसू येतं. मला नाही येत. तो फोटोवाला बरोबर जागी आहे, असं मी त्यांना सांगते.

शिरगावहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी डोंगर पाडला. कुणाला काही सांगितलं नाही. बुरूज एकेक उतरवून ओट्यावर ठेवले, गोणपाट काढलं, विटा परत भिंतीला लावल्या. वाघ मला दिला. मग म्हणाले, "तुझं माप काय धरलंय सांग." मी दोरी आणि बोट दोन्ही दाखवलं. त्या दिवशी त्यांनी माझ्या प्रमाणाने काम केलं. बुरजांचा घोटाळा त्यांच्या लगेच लक्षात आला, पण डबा तेवढाच आहे म्हटल्यावर त्यांनी तो चालवून घेतला. समुद्र कशाचा करायचा हा प्रश्न होता. तो दुबेकाकांनी सोडवला. "समंदर मैं दूँगा," असं म्हणून त्यांनी कारखान्यातून कागदाच्या पुडीत चिमूटभर निळा रंग आणला. घमेलंभर लाकडाच्या भुश्याला तो पुरला आणि वर उरला. समुद्र झाला, नळाजवळची फरशी निळी झाली, आईच्या बांगड्या निळ्या झाल्या. महाराजांची मूर्ती कुठे बसवायची यावर चर्चा झाली. अण्णांनी ती बुरजावर बसवली, तोंड समुद्राकडे करून. मावळेही सगळे तिकडेच वळवले.

काम करताना आम्ही पुष्कळ बोललो, पण साताऱ्याबद्दल नाही. मी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. एकदा फक्त मावळा लावता लावता अण्णा म्हणाले, "तिकडं तुला हे करायला कोण देणार," आणि लगेच माती आणायला गेले. ते मला सांगत होते की स्वतःला, हे तेव्हाही कळलं नाही.

नंबर आला नाही. पहिला नंबर पुढच्या रांगेच्या प्रतापगडाला. त्यांनी सलाईनची नळी लावून कारंजं केलं होतं. मालक आमच्या किल्ल्यापुढे थांबले, हा कुठला म्हणाले, आणि शिरगावचा म्हटल्यावर "असं का" म्हणून पुढे गेले. जमनामावशीने मात्र मालकांना ऐकू जाईल अशा बेताने तीनदा सांगितलं की हा बरोबर आहे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तात्या आले. त्यांच्या हातात पत्र्याची पेटी होती, नवीनच रंगवलेली. माझे कपडे न्यायला. ती रिकामी होती म्हणून चालताना तिच्या कडीचा आवाज येत होता, आणि आई आतूनच म्हणाली, "आले."

तात्यांनी पेटी ओट्यावर ठेवली आणि किल्ल्यासमोर उभे राहिले. गावाकडचा माणूस दिवाळीत दारातला किल्ला बघितल्याशिवाय आत जात नाही. वरून, उभ्यानेच, त्यांनी तो बघितला.

"डोंगर पाडला काय पोरांनी?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. "शिरगावचा हाय. त्याला डोंगर नसतोय."

"मग किल्ला कशाचा? गोठा हाय हा." तात्या हसले. वाईट नाही हसले, धाकट्या भावाला हसतात तसे. "बोईसरला येऊन मासं खायला लागलास ते ऐकलं व्हतं. डोंगर बी इसरलास?"

नेहमी अशा वेळी अण्णाही हसायचे आणि विषय संपायचा. त्या दिवशी ते हसले नाहीत. किल्ल्याला वळसा घालून समुद्राच्या बाजूला गेले आणि उकिडवे बसले.

"तात्या, हिकडं या. बसा खाली."

"कशाला?"

"बसा तर. होडीत बसलाय असं समजा. डोळं पार पाण्याला लावा."

तात्यांना असं काही सांगितलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. दुबेकाका दारात आले. आई हात पुसत बाहेर आली. तात्यांनी सगळ्यांकडे बघितलं, धोतर आवरलं, आणि गुडघ्यांचा आवाज करत खाली बसले. तोल जाऊ लागला तसा एक हात त्यांनी समुद्रात टेकला. मान वाकवली, आणखी वाकवली, पागोट्याचा शेमला भुश्यात लोळेपर्यंत. आणि तसेच राहिले.

"लय उंच दिसतंय की रं," ते थोड्या वेळाने म्हणाले.

"व्हय."

"वरचा माणूस तर आपल्याला टिपणारच."

"व्हय. मी बघितलंय. पाण्यात आत जाऊन." अण्णा त्यांच्याशेजारीच बसले होते, खांद्याला खांदा लावून, लहानपणी बसत असतील तसे. किल्ल्यावरची नजर न काढता आणि आवाज न चढवता ते म्हणाले, "सुमी हितंच शिकंल, तात्या."

जाड भोंगा झाला. तात्या हळूहळू सरळ झाले आणि समुद्रात टेकलेला हात त्यांनी डोळ्यांसमोर धरला. मनगटापर्यंत निळा झाला होता.

"हे जातंय का?"

"आठ दिन में, ताऊजी," दुबेकाका दारातून म्हणाले आणि स्वतःचे दोन्ही तळवे दाखवले. "मेरा तो गया ही नहीं."

तात्या त्यांच्या तळव्यांकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून उठले. तो शर्ट अण्णांनी पुढे कित्येक वर्षं घातला, खांद्यावरची चार बोटं तशीच होती. आत जाताना तात्या आईला एवढंच म्हणाले, "हिच्या काकूला आता मलाच सांगावं लागणार."

त्या रात्री मी पोटभर जेवले, हे मला पक्कं आठवतं. तात्या मात्र निळा झालेला उजवा हात पाठीमागे ठेवून बसले होते आणि डाव्या हाताने ताटाला शिवत नव्हते. शेवटी आईने त्यांना चमचा दिला, तेव्हा तेही जेवले.

सकाळी ते निघाले तेव्हा प्रश्न आला पेटीचा. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत, त्यात चार साखरेचे दाणे तरी घालतात. पेटी हे भांडं आहे का, यावर आई अडली. जमनामावशी तेवढ्यात पाटी घेऊन आली. तिने सगळी हकिगत ऐकली, पेटीचं झाकण उघडलं, आतून बोटाने ठोकून बघितलं आणि माझे कपडे जिथे जायचे होते तिथे सुके बोंबील भरले, काठोकाठ, वर दोन मापं जवळा. तात्या नको नको म्हणत होते, पण कडी लागली होती. मी आणि अण्णा त्यांना गाडीवर पोचवायला गेलो. डब्यात त्यांच्या आसपासची जागा लवकरच रिकामी झाली आणि त्यांना खिडकी मिळाली.

पेटीला लागलेला तो वास पुढे कधी गेला नाही म्हणे. काकूने ती उन्हात ठेवली, राखेने घासली, शेवटी कोंबड्यांच्या खुराड्यात दिली. कोंबड्यासुद्धा दोन दिवस आत गेल्या नाहीत, असं ती सांगायची. हे ती रागाने सांगायची की हसत, ते मला सांगता येणार नाही. मी तिथे नव्हते.